नवऱ्यांचे फोन नंबर

नूतनची पिठाची गिरणी होती, धरणगावच्या अलीकडच्या एका गावात. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी सह्या केल्या, आणि त्या सह्यांचे कागद नीट लावायचं काम तिच्याकडे आलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं.

परवा अधिकारी सह्या पडताळायला येणार होते. सही केलेल्या बाईनं स्वतः हजर राहून ‘ही माझीच’ म्हणायचं. निरोप द्यायला नूतन कागद घेऊन बसली, तर कुठे नुसतं ‘सुगंधाबाई, पाटाजवळ’, कुठे नंबरात एक आकडा कमी.

“ज्यांचे नंबर आहेत त्यांना तरी लाव,” मोहिमेच्या पुढारी कुंदाबाई म्हणाल्या.

पहिला फोन तिनं यशोदाबाईच्या नावापुढच्या नंबरावर लावला. पुरुषाचा आवाज आला.

“यशोदाबाई आहेत का? परवाच्या पडताळणीचं सांगायचं होतं.”

“कसली पडताळणी? कोन बोलतंय?”

नूतननं फोन ठेवला. मग घाईघाईनं बाकीचे नंबर पाहिले. बहुतेक नवऱ्यांचेच होते, आणि त्यातले निम्मे त्या दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक. चप्पल घालून ती यशोदाबाईच्या घराकडे गेली. ओट्यावर नवरा बसलेला दिसला, तशी न थांबता पुढे निघून गेली. पुन्हा एक चक्कर मारली. तो तिथंच होता.

“अक्का, आता एकही फोन करायचा नाही,” परत येऊन ती कुंदाबाईंना म्हणाली.

दोन दिवस तिनं गिरणी जास्त वेळ चालू ठेवली. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं दळण घेऊन जी बाई येई, तिच्या कानाशी लागून निरोप सांगे आणि शेजारणीलाही सांगायला लावी. पुरुष डबा घेऊन आला की गप्प. पण कामात लक्ष नव्हतं. एकीची बाजरी दुसरीच्या ज्वारीवर पडली, बोलणी खाल्ली.

पडताळणीला चावडीसमोर बायका जमल्या. पाटाजवळची सुगंधाबाईही आली. यशोदाबाईचं नाव दोनदा पुकारलं गेलं. कोणी उठलं नाही. तरीही सह्या पुरेशा भरल्या, आता दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं गुप्त मतदान होणार हे नक्की झालं. कुंदाबाई साखर वाटत होत्या. नूतन तिथून निघाली.

यशोदाबाई विहिरीवर एकटीच भेटली.

“तुनाच फोन व्हता ना?” तिनं विचारलं.

“हो. माझं चुकलं. मारलं का त्यांनी?”

यशोदाबाई दोर ओढत राहिली. नवऱ्यानं सहीचं विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो, म्हणून आज येता आलं नाही, एवढंच ती म्हणाली. मग कळशी काठावर टेकवून तिनं मागे वळून पाहिलं.

“मतदानले येसू मी. तठे कोन देखस?”

नूतननं मान हलवली. तिनं कळशी उचलायला हात लावला आणि दोघी वळणापर्यंत सोबत गेल्या. पुढे यशोदाबाई म्हणाली, “आते तू जाय,” आणि नूतन तिथंच थांबली, ती घरात शिरेपर्यंत.