पुराची काडी

बासष्टच्या हिवाळ्यात साऱ्या फौजा हिमालयाकडे निघाल्या होत्या. आमची कंपनी समुद्राकडे निघाली. दारव्ह्याला माझ्या घरी सगळ्यांनी गृहीत धरले की मी बर्फात आहे. आईने लोकरीचे मोजे पाठवले. मी कोकणच्या किनाऱ्यावर घामोळ्यांना पावडर लावत होतो.

मी सिग्नलचा नायक होतो. वडिलांचे दारव्ह्याच्या बाजारात पंप आणि सायकल दुरुस्तीचे दुकान. मला लहानपणापासून तारा जोडायचा नाद, म्हणून फौजेने वायरलेस सेट दिला. फौज माणसाचा नाद ओळखून काम देते असे फार क्वचित घडते, म्हणून नोंदवून ठेवतो.

आमची जागा म्हणजे एक गाव, त्यापुढे वाळूचा किनारा आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खडकावर उभा असलेला जुना किल्ला. किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये वाळूची एक पट्टी होती. ओहोटीला ती उघडी पडे, भरतीला बुडे. किल्ल्यावर पहारा ठेवायचा होता. कोणापासून, ते कोणी सांगितले नाही. आमचा मुक्काम गावातल्या शाळेत, समुद्रापासून बराच आत. किल्ल्यावर जाण्यायेण्याची वेळ गावचा एक म्हातारा कोळी ठरवी. तो म्हणाला चला की चलायचे, तो म्हणाला थांबा की थांबायचे. त्यामुळे आमच्यापैकी कोणाला समुद्र कळण्याची गरजच पडली नाही. येऊन आठवडाही झाला नव्हता.

सेटवर माझा जोडीदार शिपाई उत्तम वानखेडे. महागाव तालुक्यातला, पैनगंगेच्या काठच्या गावचा. काळा, उंच, बावीस वर्षांचा. मला उस्ताद म्हणायचा. सेटवर हिंदीतच बोलायचा हुकूम होता. आम्ही दोघेच असलो की वऱ्हाडी चालू व्हायची. एकदा सुभेदार साहेबांनी पकडले. ते गढवालचे.

"ये कौन सा कोड है?"

"साहब, यवतमाळ कोड," उत्तम म्हणाला.

"दुश्मन समझेगा?"

"साहब, पुणेवाले भी नहीं समझते."

सुभेदार साहेब हसले आणि तो विषय मिटला.

उत्तमच्या वडिलांची एक गोष्ट त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. महादू वानखेडे गावच्या घाटावर पुराची राखण करायचे. पूर आला की पाण्याच्या काठाशी एक काडी रोवायची. पाणी काडीच्या वर चढले तर पूर चढतो आहे. काडी कोरडी राहिली आणि पाणी खाली सरकले तर पूर उतरला. मग महादूबाबा हात वर करणार आणि बैलगाड्या नदीत उतरणार. छप्पन साली त्या घराने धम्म घेतला. वतनाची बाकीची कामे महादूबाबांनी सोडली. काडी सोडली नाही. ते काम गावाने लादलेले नाही, आपले आपण शिकलेलो आहोत, असे ते म्हणत. त्यांच्या काडीवर उतरलेली एकही गाडी आजवर वाहून गेली नव्हती, हे उत्तम अभिमानाने सांगे.

"आन् इथं?" मी समुद्राकडे बोट दाखवून विचारले.

"पानी ते पानीच आहे ना उस्ताद. भरती तं पुनवेले येते म्हने."

भूगोलात मी जे वाचले होते त्यात चंद्राचे चित्र होते एवढे मला आठवत होते. मीही मान हलवली.

मग एक मोठे साहेब किल्ल्याची पाहणी करायला येणार असे कळले. पाहणीत झेंडावंदन, सलामी, जुन्या तोफेला हार आणि चहापान होते. फौजेत जे हलते त्याला सलाम ठोकतात आणि जे हलत नाही त्याला चुना लावतात. आम्ही किल्ल्याच्या पायऱ्यांना चुना लावला. तोफेला काळे पॉलिश लावले. चहापानासाठी शाळेच्या खुर्च्या नेल्या. मोठ्या साहेबांसाठी डाकबंगल्यातला लाल मखमली कोच नेला. तो न्यायला दोघे पुरले असते, पण साहेबांचा म्हणून चार जवान लावले. पट्टीवरून डोक्यावर कोच घेऊन निघालेले चार जवान लांबून वरातीसारखे दिसत होते.

साहेब अकराला येणार होते. एकला आले, लाँचमधून. झेंडा वर गेला, सलामी झाली, तोफेला हार पडला. साहेबांनी तोफ कोणत्या वर्षीची असे विचारले. कोणालाच माहीत नव्हते, म्हणून कोणीतरी एक वर्ष सांगितले. चहा झाला. परत जाताना लाँचला खडकांमधून वाट दाखवायला आमच्या कोळ्याला बसवले. त्याला त्यासाठी धुतलेला सदरा दिला होता. समुद्र जाणणारा आमच्याकडचा एकुलता एक माणूस असा लाँचमध्ये बसून निघून गेला.

खुर्च्या आणि बाकीचे जवान लगेच परत आले. कोच राहिला. साहेबांचा मुक्काम रात्री डाकबंगल्यात होता आणि तिथल्या खानसाम्याने तीनदा निरोप पाठवला होता. सुभेदार साहेब म्हणाले, "सोफा सूरज डूबने से पहले." किल्ल्यावर उत्तम होता, समारंभासाठी तिथे दुसरा सेट लावला होता म्हणून. त्याच्याबरोबर लान्स नायक बलदेव, बिकानेरचा. वाळूत वाढलेला माणूस, पण ती वाळू वेगळी. मी किनाऱ्यावर माझ्या सेटपाशी होतो.

सकाळी पट्टीवरून जाताना उत्तमने पाण्याच्या काठाशी काडी रोवली होती. मी पाहिले होते. दुपारी पाणी तिच्या खूप खाली गेले होते. तिसऱ्या प्रहरी पाणी परत काडीजवळ आले होते, पण काडी कोरडी होती. किल्ल्यावरून बघणाऱ्याला एवढेच दिसणार: सकाळी पाणी काडीशी होते, आताही काडीच्या खालीच आहे. नदीच्या हिशोबाने पूर उतरलेला.

मी त्याला विचारले, "पानी कसं आहे? ओव्हर."

"काडी कोरडी आहे उस्ताद. येतो आम्ही. ओव्हर."

कोच किल्ल्याच्या अरुंद दारात अडकला. तो आडवा करून, तिरका करून काढण्यात बराच वेळ गेला. मला इकडून पट्टीच्या मधल्या भागावर पाणी चमकताना दिसले. मी सेट उचलला.

"उत्तम, पट्टीवर पानी आलं. वरतीच राहा. ओव्हर."

"पोटरीइतकं दिसून राह्यलं. पैनगंगेत तं छातीइतक्यातून म्हशी काढतो आपन. ओव्हर."

"कोच राहू दे. वरती थांब. हुकूम समज. ओव्हर."

उत्तर आले नाही. तो निघण्यासाठी सेट बंद करून पाठीवर बांधत होता. माझे शेवटचे वाक्य त्याने ऐकले की नाही, हे मला तेव्हाही कळले नाही, आजही माहीत नाही.

दोघे उतरले. पुढे बलदेव, मागे उत्तम, मध्ये लाल कोच. मी आणि सुभेदार साहेब काठावरून ओरडत होतो. वारा आमच्या तोंडावर होता. अर्ध्यावर पाणी त्यांच्या कमरेला लागले. नदीचे पाणी एका बाजूने येते. हे दोन्ही बाजूंनी आले आणि मधोमध भिडले. कोच तरंगला. बलदेवने तो धरून ठेवला. उत्तमच्या पाठीवर सेट होता. सेट तरंगत नाही.

सुभेदार साहेब बुटांसह पाण्यात शिरले. मी त्यांच्यामागे. आम्हा दोघांना पोहता येत होते तेवढे पुरेसे नव्हते. बलदेव कोचाला लटकून खूप खाली एका खडकाला लागला. जिवंत. मखमल खराब झाली होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीत सेट सापडला. पट्टे सोडलेले होते. म्हणजे त्याने प्रयत्न केला होता. उत्तम सापडला नाही. कोळ्यांनी पाच दिवस जाळी टाकली, पैसे घेतले नाहीत.

चौकशी झाली. सेट चालू स्थितीत आहे का, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारण्यात आला. घरी "कर्तव्य बजावताना अपघाती मृत्यू" असे कळवण्यात आले. रजेवर आलो तेव्हा मी महादूबाबांना भेटलो. पाणी अचानक वाढले, एवढेच सांगितले. काडीचे सांगितले नाही. काय म्हणून सांगायचे?

मी सासष्टला निवृत्त झालो आणि दारव्ह्याला रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी महादूबाबा दुकानात आले. पांढरे धोतर, खांद्यावर घोंगडी. बसा म्हटले तर बसेनात.

"शेखभाऊ, तिथं आता सरकारी बगिचा झाला म्हनते. किल्ला पाहाले लोकं जातेत म्हने."

"हो, बाबा. मीही ऐकलं."

"मले नेता काय? तिकिटाचे पैसे हायेत माह्याजवळ."

"कायले जाता बाबा? काय आहे तिथं?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "गावात लोकं काय म्हनतेत, माईत आहे? पुरातून म्हशी काढनारा पोरगा पान्यात मरत नसते. दारू पेला असंन. नाई तं पळून गेला असंन. पाच वर्सं झाले आयकून राह्यलो. त्याची माय तेच आयकत आयकत गेली. तुमी होता तिथं. खरं सांगा, पेला होता काय?"

"नाही."

"मंग मेला कसा?"

मला उत्तर येत होते. मी म्हणालो, "नेतो तुम्हाला."

दारव्ह्याहून छोटी गाडी, मूर्तिजापूरहून मोठी गाडी, मग एसटी. महादूबाबांनी वाटेत एकच प्रश्न विचारला: समुद्र पैनगंगेपेक्षा केवढा? मी म्हणालो, पलीकडचा काठ दिसत नाही. ते म्हणाले, श्रावणात आमचाही दिसत नाही.

सकाळी पोहोचलो. किनाऱ्यावर खरोखरच बाग झाली होती. बोगनवेल, सिमेंटचे बाक, तोंड उघडे ठेवून कचरा खाणारे सिमेंटचे ससे. दारावर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर त्याच मोठ्या साहेबांचे नाव, त्यांच्या किल्लाभेटीच्या तारखेसह. ती तारीख मला पाठ होती. पाटीवर दुसरे कोणतेही नाव नव्हते. पलीकडे एक पत्र्याचा फलक: "आजची भरती" आणि "आजची ओहोटी". पुढच्या जागा खडूने भरायच्या होत्या. त्या कोऱ्या होत्या.

महादूबाबा समुद्रासमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत, रडले नाहीत. घाटावर उभे राहावे तसे कमरेवर हात ठेवून पाणी बघत राहिले. मग खाली वाकले, सुरूची एक वाळकी फांदी उचलली, मोडली, आणि पाण्याच्या काठाशी रोवली.

मी काही बोललो नाही. बोलायची ती वेळ होती.

"उतरून राह्यलं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

ओहोटी होती. आम्ही पट्टीवरून किल्ल्यावर गेलो. तोफेवर पोरे बसून फोटो काढत होती. मी त्यांना सेट ठेवला होता ती जागा दाखवली, अरुंद दार दाखवले. पायऱ्यांवर चुन्याचे डाग अजून होते. ते प्रत्येक पायरीवर थांबत उतरले. मी घड्याळ बघत त्यांना वेळेत परत आणले.

परतलो तेव्हा पाणी काडीच्या थोडे खाली होते. "कोरडी आहे," ते म्हणाले आणि आम्ही बाकावर बसलो. त्यांनी फडक्यातून भाकर आणि ठेचा काढला. अर्धी भाकर मला दिली. खाताना त्यांचे लक्ष काडीवरच होते. आयुष्यभराची सवय.

लाट आली आणि काडीचे बूड भिजले. त्यांचा घास हातात थांबला. पाणी काडीच्या मध्यावर आले. मग टोकावर. मग काडी दिसेना.

"वर कुठं पाऊस पडला काय?"

"नाही, बाबा."

"मंग हे पानी कुठलं?"

"तेच. उतरलेलंच परत येते. रोज दोनदा."

"रोज?"

"रोज."

त्यांनी भाकर फडक्यात परत बांधली. पट्टी आता पूर्ण बुडाली होती. किल्ला पाण्यात एकटा उभा होता.

"शेखभाऊ, त्यानं लावली होती?"

मी नाही म्हणू शकलो असतो. गावच्या लोकांनी पाच वर्षे त्यांना एक खोटे ऐकवले होते. दुसरे मी कशाला ऐकवू?

"होय, बाबा. लावली होती. पाहूनच निघाला."

ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग पेला नव्हता."

"नाही."

"शुद्धीत होता. मी सांगतलं तसंच केलं त्यानं."

आम्ही त्याच रात्री परत निघालो. मूर्तिजापूरला गाडी बदलताना मी त्यांचे गाठोडे धरले. त्यांनी ते माझ्या हातून हळूच काढून घेतले.

पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. पैनगंगेला पूर होता, आणि उतरत होता. काडी रोवलेली होती, कोरडी. पाणी तिच्या हातभर खाली. काठावर पाच-सहा गाड्या खोळंबल्या होत्या. महादूबाबा काडीजवळ बसले होते. हात वर करत नव्हते.

"म्हातारा खुळावला," एक गाडीवाला मला म्हणाला. "कालपासून पानी उतरून राह्यलं, आन् हा सोडत नाई."

दुसरा ओरडला, "ओ बाबा, काहून बसवून ठेवलं? उतरला ना पूर!"

महादूबाबांनी मान वळवली नाही. "थांबा," ते म्हणाले. "एक डाव परत येते काय, पाहू द्या."

गाडीवाले हसले. पण कोणी बैल पाण्यात घातले नाहीत. मी घोंगडीच्या कोपऱ्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघे मिळून उत्तमच्या काडीकडे बघत राहिलो.