आबांच्या गॅरेजचा कोबा

माझे वडील, आबा, ज्या कोब्यावर घसरून पडले, तो त्यांनी स्वतःच घातला होता. हिंजवडीजवळच्या चांदे गावातलं आमचं घर बांधताना काम गॅरेजपर्यंत आलं आणि गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला. मग आबा आणि आई या दोघांनीच उरलेलं सिमेंट कालवून कोबा ओढला. पाणी जरा जास्त पडलं असावं. तेव्हापासून त्या जमिनीची धूळ सुटायची ती सुटायचीच. कितीही झाडा, सुपलीत पुन्हा राखाडी पीठ. पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आबांनी त्या धुळीतच आपलं काम मांडलं. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, कुणाची तरी स्कूटर. एका अंगाला माझी गाडी उभी असायची.

एका पावसाळ्यात गाडीवरून निथळलेलं पाणी आणि जमिनीवर सांडलेलं ऑईल एक झालं, आणि आबांचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, चालायला लागतील. आबा चाललेही, पण बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंतच. कुणी मोटार घेऊन आलं की आतूनच सांगायचे, "बंद केलंय आता."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा धाकटा भाऊ आला. तो जवळच माण गावात राहतो. त्याच्या खोल्यांत आयटीतली मुलं भाड्यानं असतात, त्यामुळे रिकामी जागा दिसली की त्याला भाडेकरू दिसतो. जेवताना म्हणाला, "ताई, गॅरेज देऊन टाकू. हितं कंपनीतली पोरं लई हायेत. मेस टाकायला कुणीबी घेईल."

आबा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "द्या."

एवढंच. ज्या माणसानं आपला पाना कधी कुणाला हात लावू दिला नाही, तो "द्या" म्हणाला. मी ताट बाजूला सारलं.

"द्यायचं न्हाई. मी ती जमीन नीट करणार हाय. आबा तितं परत उभं राहत्यात का न्हाई ते मला बघायचंय."

भाऊ हसला. "तू करणार?"

"मीच."

हिंजवडीत मी ऑफिसात बसून काम करते. जमिनीचं मला काही कळत नव्हतं, पण कळून घेता येत होतं. रस्त्यावरच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, टाइल्स लावा आणि मोकळ्या व्हा." टाइल्सवर मोटार आपटली की तडा, आणि ओल्या टाइलवर वॉकर म्हणजे दुसरं ऑपरेशन. साधा फ्लोअर पेंट शेजारच्या घरी बघितला होता. गरम टायरला चिकटून त्याचे पापुद्रे निघाले होते. उरलं एपॉक्सी. दोन डबे एकत्र कालवले की दगडासारखं घट्ट होणारं, ऑईल न पिणारं. दुकानदार म्हणाला, ते चांगलं, पण खाली ओल असली तर फुगून वर येतं.

ओल आहे का हे बघायची रीत सोपी आहे. जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. मी गॅरेजमध्ये ठिकठिकाणी असे तुकडे लावले. मागच्या भिंतीजवळचा उचलला तर आतून थेंबच थेंब. थंडीचे दिवस, वर कोरडं ठणठणीत, आणि खालून पाणी.

आई बघायला आली. "मोरीचं पानी असंल," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे आमची कपडे धुवायची मोरी. तिचा पाइप जमिनीखाली फुटला होता. तो खोदून बदलून घेतला आणि वाट बघत बसले. लाकूडफाटा सुकत घालावा तशी ती जमीन सुकत घातली. शटर दिवसभर उघडं, पंखा चालू. दर काही दिवसांनी प्लॅस्टिक लावायचं, उचलायचं, थेंब दिसले की पुन्हा लावायचं. भाऊ फोनवर विचारायचा, "सुकली का गं तुझी जमीन?" मी म्हणायचे, "सुकंल." होळी होऊन गेली तेव्हा कुठे तुकड्याखाली कोरडं निघालं.

मग ऑईल. वर्षानुवर्षं मुरलेलं. साबणाचं पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन मी सकाळी ऑफिसच्या आधी गुडघ्यांवर बसायचे. डाग गेला का हे बघायला वर पाणी शिंपडायचं. पाणी जिरलं तर गेला, थेंब होऊन उभं राहिलं तर पुन्हा ब्रश. एके सकाळी मान वर केली तर दारात आबा. वॉकर उंबऱ्याच्या अलीकडेच थांबवलेला.

"रॉकेल लावू नको त्याला," ते म्हणाले. "आनखी आत जाईल."

"न्हाई लावलं."

"बरं." आणि ते परत गेले. पण दुसऱ्या दिवशी आईनं त्यांची खुर्ची दारात आणून ठेवली.

खरं भांडण झालं ते शेवटच्या थरावरून. आबांना जमीन त्यांच्या कारखान्यातल्यासारखी हवी होती. "आरशागत व्हती. तोंड दिसायचं." मला ती खरखरीत हवी होती. शेवटच्या थरात बारीक वाळू मिसळली की पाय सरकत नाही. आई म्हणाली, "खरखरीत केली तर माझं फडकं कसं फिरायचं?" शेवटी मी जुन्या फरशीचे तुकडे घेतले आणि प्रत्येकावर वेगळ्या प्रमाणात वाळू घालून थर दिला. वाळल्यावर ते आबांच्या पुढ्यात मांडले.

"पानी टाक," आबा म्हणाले. टाकलं. वॉकरचा रबरी पाय त्यांनी एकेका तुकड्यावर दाबून पुढे ढकलला. "आता ऑईल टाक."

गुळगुळीत तुकड्यावर रबर सर्रकन पुढे गेलं. आबांचा हात दचकून खुर्चीच्या दांड्यावर गेला. मग त्यांनी मधल्या तुकड्यावर बोट ठेवलं. आईनं त्यावर ओलं फडकं फिरवून बघितलं. "चालंल," ती म्हणाली.

जमीन घासायला यंत्र भाड्यानं आणायचं होतं, तर भाऊच ते टेम्पोत टाकून घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. तोंडाला मास्क बांधून त्यानं वरचा सगळा पिठूळ थर घासून काढला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला. म्हणाला, "आबा, तुमच्या कोब्याच्या पोटात खडी लई चांगली हाय." आबा बऱ्याच दिवसांनी हसले.

प्रायमर नीट बसला. एपॉक्सीच्या दिवशी मात्र घोळ झाला. उन्हाळा, आणि मी भराभर काम उरकावं म्हणून बरंच मिश्रण एकदम कालवलं. अर्धी जमीन होते न होते तोच डबा हाताला चटका देऊ लागला. आतलं मिश्रण घट्ट होत आलं, रोलर चिकटायला लागला. मी रडायच्या बेतात होते.

आई बाहेरून ओरडली, "थांबू नको! त्यो डबा फेक, दुसरा घे. थोडं थोडं कालव, मी देती." तिनं पदर खोचला, हातमोजे चढवले आणि लहान डब्यात मोजून कालवून ती माझ्याकडे देत गेली. मी मागे सरकत सरकत रोलर फिरवत शटरबाहेर आले. जिथे मिश्रण फसलं होतं तिथे एक ओबडधोबड रेघ राहिली. ती अजून आहे. दुसऱ्या दिवशी वाळूचा थर मात्र आम्ही दोघींनी एकसारखा दिला. उन्हानं पिवळं पडू नये म्हणून दुकानदारानं वरचं कोटिंग दिलं होतं, त्यातच ती वाळू मिसळली.

पुरतं कडक होईपर्यंत कुणालाही आत सोडलं नाही. आबा दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचे, "आत न्हाई. काम चालूय." नंतर बुद्ध पौर्णिमेला विहारातून आल्यावर, पांढऱ्या कपड्यांतच, त्यांनी वॉकर उंबऱ्यापलीकडे टेकवला आणि आत पाऊल ठेवलं. मी धरायला गेले तर म्हणाले, "सोड." भिंतीपर्यंत गेले, कामाच्या टेबलाला टेकून उभे राहिले, आणि एकेक अवजार उचलून बघू लागले. कपडे ऑईलचे झाले. आईनं ते संध्याकाळी भिजत घातले.

पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात नाण्याएवढा एक फुगा आला. मी तो कापून, सुकवून पुन्हा भरला. बाकी जमीन टिकली. आबा आता सकाळी दोन-तीन तास काम करतात, मग थकतात. वॉकर सुटला नाही, बहुतेक सुटणारही नाही. भाऊ मेसचं बोलत नाही. उलट परवा आपल्या खोल्यांची बंद पडलेली मोटार घेऊन आला.

गेल्या आठवड्यात आबांनी मला हाक मारली. गॅरेजच्या दारातून ते अंगणातून घरात चढणाऱ्या पायऱ्यांकडे बघत होते.

"ह्या पावसात ह्या बी निसरड्या होत्यात," ते म्हणाले. "ह्यांचं काय करायचं?"

रविवारी सकाळी ब्रश घेऊन मी पहिल्या पायरीवर बसले. आबा खुर्चीत होतेच.