पद्मजाबाई ग्रहण बघायला गेल्या

इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या पद्मजा लघाटे एका सरकारी कॉलेजात फिजिक्सच्या लॅब असिस्टंट होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना दिसावं म्हणून सामान मांडून दिलं. भिंगं पुसायची, दुर्बिणीचं स्टँड जुळवायचं, आणि मुलं बघायला आली की बाजूला व्हायचं.

१९९५ साली ऐन दिवाळीत कॉलेजची सहल खग्रास सूर्यग्रहण बघायला राजस्थानात गेली, तेव्हा सामानाबरोबर त्याही गेल्या. घरी लक्ष्मीपूजन त्यांच्या यजमानांनी, लक्ष्मीकांतरावांनी, सात वर्षांच्या नचिकेतच्या हातून करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या एका शाळेच्या मैदानावर फिजिक्सच्या सरांनी कॅमेरा लावला आणि बाईंना सांगितलं, "मॅडम, तुम्ही घड्याळ बघून सेकंद मोजा, मोठ्याने." बाईंनी मोजले. अंधार झाला, मुलं ओरडली, कुणीतरी रडायलाही लागलं. बाईंनी मान वर केली नाही, कारण एक आकडा चुकला असता तर सरांचे फोटो बिघडले असते. पन्नासाच्या आसपास उजेड परत आला. घरी आल्यावर लक्ष्मीकांतरावांनी उत्साहाने विचारलं, "कसं होतं गं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "घड्याळ छान होतं."

मग २००९च्या जुलैत ग्रहणच इंदूरला आलं. पहाटे उठून तिघं गच्चीवर गेले, तर आभाळ गच्च भरलेलं. सहा-वीसच्या सुमारास काळोख झाला, समोरच्या निंबावरचे पोपट चिडीचूप झाले, आणि तीन मिनिटांनी पुन्हा राखाडी सकाळ झाली. छत्री धरून उभे असलेले लक्ष्मीकांतराव म्हणाले, "असू दे. पुढचं जिथे असेल तिथे जाऊ आपण. बिलकुल जाऊ."

ते वीज मंडळात हेडक्लार्क होते. बोललेलं कागदावर आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुढे नचिकेत नोकरीसाठी अमेरिकेत गेला, डॅलसला घर केलं, आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "आई, आठ एप्रिल दोन हजार चोवीस. दुपारी पावणेदोन. माझ्या घराच्या मागच्या अंगणातून खग्रास दिसणार आहे. तुला फक्त खुर्ची टाकून बसायचंय."

लक्ष्मीकांतरावांनी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. पासपोर्ट, व्हिसा, औषधांच्या चिठ्ठ्या, तिथली थंडी, पोह्यांवर टाकायला इथली शेव किती न्यायची, सगळं सुबक अक्षरात. संध्याकाळी जेवणापूर्वी ते वही उघडत आणि बाई समोर बसून भाजी निवडत. संसारात इतक्या गप्पा त्यांनी पूर्वी कधी मारल्या नव्हत्या.

वहीतूनच ते कळलं. एके दिवशी बाईंनी सहज पानं चाळली, तर एका पानावर 'ग्रहणाचे चष्मे, चार नग' ही ओळ सहा वेळा लिहिलेली. पुढच्या पानावर पुन्हा तीच. अक्षर तसंच सुबक.

व्हिसाच्या मुलाखतीला दोघं मुंबईला गेले. खिडकीपलीकडच्या माणसाने हिंदीत विचारलं, "बेटा कहाँ रहता है?" लक्ष्मीकांतरावांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "परदेशीपुरा." इंदूरच्या त्या वस्तीत त्यांचं लहानपण गेलं होतं. बाईंनी पटकन दुरुस्त केलं. व्हिसा मिळाला. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "पद्मा, मी काय बोललो गं तिथे?"

"काही नाही. गडबड झाली थोडी."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विस्मरणाचा आजार आहे आणि तो वाढत जाणार. एवढा प्रवास, नवी जागा, दिवसाची रात्र होणं, हे त्यांना झेपायचं नाही. बाईंनी घरी येऊन वही कपाटात ठेवली. दोन दिवसांनी लक्ष्मीकांतरावांनी ती स्वतः काढली. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं.

"तू जा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी राहिलो होतो की तेव्हा. पोराला सांभाळून राहिलो. आता फक्त मलाच सांभाळायचंय. मनूला बोलाव."

मनू म्हणजे त्यांची धाकटी बहीण मनोरमा, स्नेहलतागंजला एकटीच राहायची. ती लगेच म्हणाली, "वहिनी, टेंशन नका घेऊ. वीस दिवसांचा तर सवाल आहे. दादा मला काय नवीन आहे?"

बाईंनी तरी महिनाभर हो-नाही केलं. नचिकेतने तिकीट काढलं, तेव्हाही त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आदल्या दिवशी रद्द करायचं. रद्द केलं नाही. मार्चच्या शेवटी निघताना लक्ष्मीकांतराव फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "या वेळी वर बघ."

पहिले आठ दिवस रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं. "जेवलीस का? थंडी आहे का?" एवढंच, पण आवाज ओळखीचा. नंतर मनोरमा सांगायला लागली की दादा झोपलेत, दादा अंघोळीला गेलेत.

आठ तारखेला सकाळी डॅलसवर ढग होते. बाई अंगणात खुर्चीवर बसून राहिल्या. नचिकेत येरझाऱ्या घालत होता. दुपारी ढग फाटले. चष्म्यातून कोर बारीक होत होत दिसेनाशी झाली आणि नचिकेत म्हणाला, "आई, काढ आता चष्मा."

बाईंनी वर पाहिलं. सूर्याच्या जागी काळी चकती होती आणि तिच्याभोवती पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे धागे. खालच्या कडेला डाळिंबाचा दाणा चिकटावा तसं लाल काहीतरी लकाकत होतं. आयुष्यभर त्यांनी पुस्तकातली चित्रं फळ्यावर डकवली होती. त्यांतल्या एकातही हे नव्हतं. "अहो, तो लाल ठिपका बघा," असं म्हणत त्यांनी डावीकडे मान वळवली. तिथे नचिकेत होता. त्याने आईचा हात धरला. पावणेचार मिनिटं झाली, उजेड आला, शेजारच्या घरांतून टाळ्या ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. बाईंनी इंदूरला फोन लावून सगळं सांगितलं. लक्ष्मीकांतराव पडद्याकडे बघून अदबीने म्हणाले, "हो, हो. छान. नमस्कार." बाईंना वाटलं, आवाज नीट पोचत नसेल.

सतरा एप्रिलला सकाळी त्या घरी पोचल्या. लक्ष्मीकांतराव बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना बघून उठले, हात जोडले.

"या ना, बसा. कुठून आलात?"

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मनोरमा पदराने डोळे पुसत उभी होती. "पाडव्याच्या आधीपासून असंच आहे, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही ग्रहण सोडून आला असता. दादानेच आधी शपथ घातली होती, काही झालं तरी तिला बोलवायचं नाही म्हणून."

बाई बसल्या. "अमेरिकेहून आले," त्या म्हणाल्या.

"अच्छा? आमच्या घरातलीही तिकडेच गेलीय. ग्रहण बघायला." त्यांचा चेहरा उजळला. "फार वर्षांची इच्छा होती तिची. कधी बोलून नाही दाखवली, पण मला माहीत होतं. दिसलं असेल का हो तिला?"

"दिसलं," बाई म्हणाल्या. "चांगलं दिसलं."

"मग ठीक आहे." ते मागे टेकले. "बास, मग ठीक आहे."

त्यानंतर त्यांनी बाईंना ओळखलं नाही. त्यांना त्या देखभालीला ठेवलेल्या एखाद्या भल्या बाई वाटतात. ते त्यांना 'ताई' म्हणतात, हातावर गोळी ठेवली की आभार मानतात, आणि दुपारी बसवून बायकोविषयी सांगतात: किती हुशार, कॉलेजात किती मान, तिच्या हातची आमटी कशी. सदतीस वर्षांच्या संसारात यातलं एक वाक्य त्यांनी बाईंना तोंडावर म्हटलं नव्हतं.

नचिकेतने एकदा फोनवर विचारलंच, "आई, तू आली नसतीस तर बाबा..."

"नाही रे. डॉक्टर म्हणाले, ते व्हायचंच होतं."

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. सांगता येत नाही, एवढंच म्हणाले होते.

संध्याकाळी दिवेलागणीला लक्ष्मीकांतराव चपला घालून फाटकाशी जाऊन उभे राहतात. पद्मा यायची आहे म्हणतात. सुरुवातीला बाई समजावून बघायच्या, पण त्याने ते घाबरायचे. आता त्याही शाल घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहतात. कोपऱ्यावर रिक्षा वळली की दोघं तिकडे बघतात. रिक्षा पुढे निघून जाते. मग थोड्या वेळाने बाई त्यांचा हात धरून म्हणतात, "चला आत, गार वारा सुटलाय. उद्या बघू."