हसरं तोंड, रडकं तोंड आणि माझी फळी

पाचवं पोरगं घसरून गादीवर पडलं, तशा मोठ्या बाई मला म्हणाल्या, "मेस्त्री, ही फळी आजच उचला."

मी येळ्ळूरचा सुतार. अनगोळच्या एका बालवाडीनं बॅलन्स बीम सांगितला होता. म्हणजे वीतभर उंच, चार बोटं रुंद अशी लांब फळी. पोरांनी तोल सांभाळत तिच्यावरनं चालायचं. मंडळी, म्हणजे माझी बायको, वारल्यापासून दोन वर्षं मी हत्यार धरलं नव्हतं. हे पहिलंच काम. ते परत घरी न्यायचं म्हणजे हत्यारांची पेटी कायमची बंद.

वर्गाच्या टीचरनी भिंतीवर दोन तोंडं चिकटवली होती. चालायला येतंय वाटलं तर हसऱ्याखाली उभं राहायचं, न्हाय वाटलं तर रडक्याखाली. सगळी पोरं हसऱ्याखाली. पडली, उठली, परत हसऱ्याखालीच.

टीचर म्हणाल्या, ह्या वयात अंगाला जमतं त्याच्या दुप्पट जमतंय असं पोरांना वाटतं. वाटतं म्हणून परत चढतात, चढतात म्हणून शिकतात. मोठ्या बाईंना काय ते पटेना.

मला राग आला. म्हटलं, "फळी सरळ हाय, पोरंच वाकडी चालत्यात. उभा जन्म घरांच्या आढ्यावर चाललोय मी."

थंडीचे दिवस. पोरांच्या पायात मोजे, माझ्याही. तसाच चढलो. दुसऱ्या पावलाला गादीवर.

एक चार वर्षांची पोरगी आली. बोट धरून तिनं मला रडक्या तोंडाखाली नेलं. "आजोबा, तुम्ही हितं उभारा."

कंबर चोळत मग फळीवर हात फिरवला. नुसती काच, गुळगुळीत. पूर्वी माझ्या प्रत्येक कामावर मंडळी तळहात फिरवायची आणि म्हणायची, "बास." मग मी रंधा खाली ठेवायचो. ह्या वेळी म्हणणारं कोण न्हाय. पोरांच्या पायात लाकडाची कूस जाऊ नये म्हणून रंधा मारतच बसलो, वर दोनदा पॉलिश.

खरबरीत पॉलिशपेपर आणला आणि लाकडाच्या रेषांना आडवा मारला, ओरखडे उठेपर्यंत. आडवा मारणं सुताराला लाजिरवाणंच, पण मारला. पोरांचे मोजे काढले. निम्मी पोरं पार गेली, निम्मी पडली, सगळी हसऱ्याखाली. मोठ्या बाई म्हणाल्या, राहू दे.

आता शाळेनं छोटी शिडी सांगितलीय. रंधा कुठं थांबवायचा ते त्या पोरीला विचारणार. तिला माझी कुवत माहीत हाय.