उपाशी पूर्वज

"आता मी गॉथ हं," असं म्हणून काका उजव्या हाताची बोटं कपाळाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. उघडले की समोर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले मिरजेचे गृहस्थ नसत. सोळाशे वर्षांपूर्वी हूणांच्या भीतीने बायकापोरं घेऊन पळत सुटलेला आणि डॅन्यूब नदीच्या काठावर उभा राहून पलीकडच्या रोमन शिपायांना हाका मारणारा कुणी भुकेला माणूस असे. मग पुन्हा बोटं कपाळाला. "आता मी रोमन अधिकारी." नाक वर, आवाज बारीक. "फॉर्म भरला का?"

हे सगळं माझ्या गाडीत, सकाळी आठ वाजता, ट्रॅफिकमध्ये.

काका नात्यातले नव्हेत, ते आमच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे. मी त्याच कॉलेजात वर्गांतले माईक, कॅमेरे आणि लेक्चरांची रेकॉर्डिंग सांभाळतो. दोघंही अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला राहायचो. काकांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून चार वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही शोधाल, आणि शोधलंत तर तो बावीस सेकंदांचा व्हिडिओचा तुकडाच आधी सापडेल. त्या तुकड्यातला माणूस काका नव्हेत, एवढं सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. लिहायला फार उशीर केला, हेही आधीच कबूल करतो.

काकांचे वडील कीर्तनकार होते. आख्यान लावलं की एका दमात ध्रुव व्हायचे, त्याला मांडीवरून ढकलणारी सुरुचीही व्हायचे. काकांनी ते जसंच्या तसं उचललं आणि गॉथांना लावलं. मिरजेच्या कॉलेजात वीस वर्षं शिकवलं, पण तिथल्या पुस्तकात या लोकांवर तीन परिच्छेद होते आणि वर मथळा, रानटी टोळ्यांची आक्रमणे. तो मथळा आठवला की काका गाडीतच तडकायचे.

"आक्रमणं! अरे, अर्ज केला होता त्यांनी! आम्हाला आत घ्या, जमीन कसू, तुमच्या सैन्यात लढू. बादशहानं हो म्हटलं. आणि काठावरच्या अधिकाऱ्यांनी काय केलं? धान्य दाबून ठेवलं आणि कुत्री धरून आणली. एक कुत्रं घ्या खायला, एक पोर द्या. गुलाम म्हणून. रोमन माणसानंच लिहून ठेवलंय हे, मी नाही सांगत!"

त्या तीन परिच्छेदांच्या बाहेर पडायचं म्हणून त्यांनी स्वतःच लॅटिन शिकली, गॉथिक शिकली, सत्तेचाळिसाव्या वर्षी इथे येऊन पोरांच्या बरोबरीने पीएचडी केली. मग आमच्या कॉलेजात करारावरची नोकरी मिळाली. अख्खं सेमिस्टर फक्त गॉथ आणि उतरणीला लागलेलं रोम. पहिल्या दिवशी वर्गातून बाहेर आले ते लग्नघरातून आल्यासारखे. "एकोणतीस मुलं आहेत रे," म्हणाले. "आणि सगळी आपणहून आलेली."

आम्हा मराठी लोकांच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणात, त्यांची चेष्टा व्हायची. "काका, याला स्कोप काय?" कुणीतरी दर वेळी विचारायचंच. काका पुरणपोळी संपवून शांतपणे म्हणायचे, "तुमच्या सगळ्यांचं चाललंय तेच मी शिकवतो. तुझी ग्रीन कार्डची रांग किती वर्षांची? गॉथांना एका उन्हाळ्यात परवानगी मिळाली." लोक हसायचे. मीही हसायचो. माझी ग्रीन कार्डची फाईल तेव्हा कॉलेजतर्फेच चालू होती, अकरावं वर्ष होतं, आणि कागदावर सही माझ्या मॅनेजरची लागायची.

चौथ्या वर्षी काकांच्या वर्गात एक उंच, सोनेरी केसांचा मुलगा आला. गळ्यात प्राचीन जर्मन देवाच्या हातोड्याचं लॉकेट, गॉथांना आपले पूर्वज मानणारा. त्याला शूर पूर्वज हवे होते, काकांनी त्याला उपाशी पूर्वज दिले. "सर, दे वेअर वॉरियर्स," तो एकदा म्हणाला. काका म्हणाले, "होते ना. पण आधी आईबाप होते." बाकीची मुलं हसली. त्या हसण्याचा राग त्याने धरून ठेवला असावा.

कुत्र्यांच्या बदल्यात मुलं, हे लेक्चर होतं त्या दिवशी मी वर्गातच होतो, माईक खरखरत होता म्हणून. काकांनी बोटं कपाळाला टेकवली आणि इंग्रजीत म्हणाले, "आता मी गॉथ." डोळे उघडले आणि गरजले, "आमची पोरं घेऊन यांनी आम्हाला कुत्री चारली. हा देश कशाला शिल्लक ठेवायचा? जाळा! प्रत्येक गाव जाळा!" मग पुन्हा बोटं कपाळाला, आणि अगदी हळू आवाजात, "गावं जळली. विकलेली पोरं परत मिळाली का? काही मिळाली. बहुतेक नाही. पुढच्या वेळी याचाच विचार करून या."

त्या पोराने फोनवर काढलेला तुकडा "आमची पोरं" पासून सुरू होतो आणि "जाळा" ला संपतो. तो इंटरनेटवर टाकताना वर त्याने लिहिलं, परदेशी प्रोफेसर वर्गात देश जाळायला सांगतो. दोन दिवसांत कॉलेजचे फोन वाजायचे थांबेनात. काकांचं वर्गावर जाणं बंद झालं, कॉम्प्युटरचं लॉग-इनही बंद झालं. कॉलेजच्या चौकशी समितीसमोर काका सांगत राहिले की ते पात्राचं बोलणं होतं. समितीतला एक जण म्हणाला, पात्राचं नाव सांगा, ते कुठल्या नाटकातलं आहे?

यावर आमच्या मराठी लोकांनी काय केलं? तो तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरवला. "काकांनी जरा सांभाळून बोलायला हवं होतं यार." "आपण गेस्ट आहोत इथे." हे लिहिणारे कोण, तर लहानपणी देवळात मांडी घालून कीर्तनं ऐकलेले! बुवा रावण झाला म्हणून कुणी कधी पोलिसात गेलं होतं का? या राज्यात समितीला ही रीत समजावून सांगू शकतील अशी माणसं फक्त आम्ही होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मला आजही त्यांच्यात बसून जेवताना घास कडू लागतो.

पण त्यांना कशाला बोलू? त्यांच्याकडे नुसतं तोंड होतं. माझ्याकडे रेकॉर्डिंग होतं.

वर्गाच्या कॅमेऱ्याचं अख्खं लेक्चर वर्गातल्या यंत्रावर होतं, कॉलेजच्या सिस्टिमवर अजून चढलं नव्हतं, आणि यंत्रावरून मी ते माझ्या ड्राइव्हवर घेतलेलं होतं. ते लावलं असतं तर विषय तिथेच संपला असता. कॉरिडॉरमध्ये मॅनेजरने मला गाठलं. "सिस्टिमवर काही दिसत नाही. तुझ्याकडेही काही नाही, राइट?" त्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पुढच्या आठवड्यात माझ्या कागदांवर त्याची सही व्हायची होती. मी म्हणालो, "नाही."

त्याच संध्याकाळी समितीपुढून परतताना गाडीत काकांनी विचारलं, "तुझ्याकडे असेल ना रे सगळं? सुरुवातीपासूनचं?"

"बघतो काका," मी म्हणालो. आपल्याकडे "बघतो" म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कराराची मुदत मे महिन्यात संपली, कॉलेजने वाढवली नाही, आणि नोकरी गेली की देश सोडायला व्हिसाचे साठ दिवस. साठ दिवसांत नवी नोकरी कोण देणार होतं? तो बावीस सेकंदांचा तुकडा प्रत्येक कॉलेजात त्यांच्या अर्जाच्या आधी पोचत होता. काकूंनी भांडी वाटून टाकली. कुकर आमच्याकडे आला.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. बॅगा उतरवताना काका म्हणाले, "समितीनं विचारलं होतं, रेकॉर्डिंग कोण करतं म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. तुझी फाईल चालू आहे ना." आणि माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले. म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं. मला असा संताप आला! स्वतःचा, त्यांचा, सगळ्यांचा. का नाही घेतलं माझं नाव? घेतलं असतं तर मला खरं बोलावं लागलं असतं. मला वाचवायचा अधिकार यांना कुणी दिला होता?

अकरा महिन्यांनी माझं ग्रीन कार्ड आलं. त्याच दिवशी मी ते रेकॉर्डिंग विभागप्रमुखांना पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं, करार नियमाप्रमाणे संपला होता, प्रकरण बंद आहे, धन्यवाद. तो अभ्यासक्रमही आता शिकवत नाहीत. मग तीच फाईल काकांना पाठवली. खाली माफीचं एक पान लिहिलं, त्यात काहीही लपवलं नाही. आठवडा गेला, उत्तर नाही. मनातून मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी दोन मिनिटं तोंड सोडलं असतं तर मला झोप लागली असती.

शेवटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मीच फोन केला. काकूंनी उचलला. काका आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासवर शिकवतात, म्हणाल्या. पुन्हा तेच तीन परिच्छेद.

"काकू, मी पाठवलेलं त्यांनी पाहिलं का?"

"पाहिलं की. सगळं पाहिलं, मध्ये चहालासुद्धा उठले नाहीत."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, आवाज किती स्वच्छ आलाय बघ. कामाला चोख आहे हो तो." काकू हसल्या. "इथेच आहेत, पेपर वाचतायत. देऊ का त्यांना?"

मी गाडीत एकटा बसलो होतो.

"आत्ता मीटिंग आहे काकू," मी म्हणालो. "नंतर करतो."