रंगीत तालमीतली रांग

आमच्या कवळीताईनं पाच नाटकं अर्धी अर्धी पाहिली होती. पूर्ण एकही नाही.

कवळीताई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. आम्ही दोघी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, आम्ही मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकचकीत करून परत पाठवतो. गेल्या अठरा वर्षांत अर्ध्या शहराची बत्तिशी तिच्या हाताखालून गेली असेल, पण रस्त्यात समोरून कुणी तिच्याच दातांनी हसत आलं तरी तिला पत्ता लागायचा नाही.

तिला दोन मुलं. मोठी तेरा वर्षांची, तिला घरात ‘नाटकी’ म्हणतात. चार वर्षांची असताना ताप आल्याचं इतकं हुबेहूब सोंग केलं की डॉक्टरांनीही आधी तिचा हात हातात घेऊन काळजीनं मान हलवली, मग थर्मामीटर बघून हसायला लागले. तेव्हापासून हे नाव. ती बालनाट्याच्या वर्गाला जाते. धाकटा आठ वर्षांचा, तो ‘साहेब’. साहेब स्वमग्न आहे. त्याला सगळं जिथल्या तिथे आणि जसंच्या तसं लागतं. टोस्ट तिरका कापलेला, डावा बूट आधी, जिन्याच्या पायऱ्या मोजूनच उतरायच्या. मध्येच कुणी बोललं की पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून. त्याच्यापुढे घरात कुणाचं काही चालत नाही, म्हणून साहेब.

आणि साहेबाला टाळ्या सहन होत नाहीत. नुसत्या आवडत नाहीत असं नाही, त्याला त्या दुखतात. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या की तो कान दाबून खुर्चीखाली शिरतो आणि किंचाळतो. मग नवराबायकोंनी वाटणी करून टाकली. मध्यंतरापर्यंत नवरा आत, कवळीताई साहेबाला घेऊन बाहेरच्या बाकावर. मध्यंतरानंतर अदलाबदल. घरी गेल्यावर दोघं आपापला अर्धा भाग एकमेकांना सांगायचे. नवऱ्यानं राजाला सिंहासनावर बसताना पाहिलेलं असायचं, हिनं त्याला भीक मागताना. मधे काय झालं ते नाटकीलाच विचारायचं, आणि ती म्हणायची, “आधी तिकीट काढा.”

यंदा मात्र नाटकीला मुख्य भूमिका मिळाली!

त्या सकाळी कवळीताई प्रयोगशाळेत आली ती जवळजवळ पळतच. एप्रन उलटा घातलेला, एका हातात कुणाचातरी खालचा जबडा.

“अगं, मिळाली! हरवले-सापडले खात्याची मुख्य कारकून! पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत रंगमंचावर. एक मिनिटसुद्धा आत जात नाही!”

नाटक असं होतं : हरवलेल्या वस्तू ठेवायचं एक सरकारी खातं. लोक येऊन आपापल्या हरवलेल्या गोष्टी मागतात. आधी छत्र्या नि बूट, मग हळूहळू झोप, मैत्रीण, आवाज असलं काय काय. आणि काउंटरमागे बसलेली एक करारी कारकून, जिला नियमाबाहेर काही चालत नाही.

घरात तालमी सुरू झाल्या. इस्त्रीचं टेबल म्हणजे काउंटर. नाटकी कारकून, आणि येणारे सगळे नऊ लोक म्हणजे साहेब. शब्द त्याला दोन दिवसांत पाठ. नुसते शब्द नाहीत, वर्गातल्या मुलांचे सूरही नाटकीनं जसे करून दाखवले तसेच्या तसे. घंटी कारकुनाच्या उजव्या हाताला, लाल छत्री खालच्या फळीवर, रजिस्टर उघडं. यात तसूभरही फरक झाला की तालीम बंद. नाटकी त्याच्यावर वैतागायची आणि पुन्हा त्यालाच हाक मारायची, कारण इतका पक्का सोबती तिला वर्गातही मिळत नव्हता.

हे सगळं बघून कवळीताईच्या डोक्यात एक कल्पना शिरली. या वेळी चौघांनी मिळून पूर्ण नाटक पाहायचं. म्हणजे तिघांनी बघायचं, चौथी वरती असणारच. त्यासाठी फक्त लोकांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून हलवायचे. ती थेट नाटकाच्या बाईंकडे गेली. बाई म्हणजे वर्ग चालवणाऱ्या. आवाज असा, की माईक त्यांना घाबरतो.

“टाळी नको?” बाई म्हणाल्या. “अहो ताई, चार महिने पोरं कशासाठी राबतायत? आणि आधी तुमच्या लेकीला तरी विचारलंत का?”

नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी विचारलं, आणि घरात भडका उडाला.

“हात हलवणार?” नाटकी ओरडली. “बस सुटल्यावर हलवतात तसे? आई, पहिल्यांदा मला मोठं काम मिळालंय. मला टाळ्या हव्यात. खूप हव्यात! सगळं साहेबासाठी असतं. टोस्ट त्याच्यासाठी, जिना त्याच्यासाठी, सहल त्याच्यासाठी रद्द. ही एक गोष्ट तरी माझी राहू दे ना!”

दार आपटलं. साहेबानं कान दाबले. कवळीताई मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, “पोरगी एकेक शब्द खरा बोलत होती गं.” त्या दिवशी तिनं एका कवळीत सुळा उलटा बसवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी गुपचूप काढून सरळ केला.

दोन दिवस माय-लेकी ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढंच बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता नाटकी बाहेर आली, तोंडात ब्रश तसाच, आणि फेस उडवत म्हणाली, “आई! रंगीत तालीम!”

“काय?”

“शनिवारी प्रयोग. शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम. कपडे, रंग, दिवे, सगळं खरं. आणि तेव्हा टाळ्या कुणी वाजवतच नाही! साहेबाला तेव्हा आण. त्याच्या शाळेतल्या मुलांनाही आण. शनिवार माझा.”

कवळीताईनं लेकीला फेसासकट मिठी मारली.

बाईंनी आढेवेढे घेतले, पण तयार झाल्या. एकच अट : काही गोंधळ झाला तर तो ताईंनी निस्तरायचा. कवळीताईला वाटलं, चार-पाच घरं येतील. तिनं साहेबाच्या विशेष शाळेत एक चिठ्ठी लावली. ‘दिवे पूर्ण घालवणार नाही. दार उघडं राहील. उठलात, फिरलात, बोललात तरी चालेल. टाळ्या नाहीत.’ दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेचनात. एक बाप म्हणाला, “बोललं तर चालेल म्हणजे? मोठ्यानं बोललं तर?” एक आई आधी रडली, मग म्हणाली, “आम्ही सहा येऊ.” गुरुवारपर्यंत एकतीस मुलं झाली! मला दुपारच्या सुट्टीत कामाला लावलं. कोपऱ्यात गाद्या टाकायच्या, दाराला ओढणी बांधायची म्हणजे ते धाडकन लागणार नाही, मोठा भोंगा काढून टाकायचा. गुरुवारी तिनं साहेबाला रिकामं सभागृह दाखवून आणलं. त्यानं सगळ्या रांगा मोजल्या आणि तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची पसंत केली.

शुक्रवारी मीही अर्धा दिवस रजा टाकली. असं दृश्य चुकवणार कोण?

पडदा सरकला आणि पहिल्या पाच मिनिटांतच बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एक मुलगा प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दासकट परत म्हणत होता. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी आनंदानं खुर्चीच्या हातावर थापा मारत होती. दोघं जण मधल्या वाटेतून येरझारा घालत होते. वर खात्यातले शिपाई झालेल्या पोरांची वाक्यं अडखळायला लागली. छत्री मागायला पहिला येणारा, मिशी लावलेला मुलगा अजून विंगेतच उभा, आत यावं की पळून जावं अशा चेहऱ्यानं. नाटकी मात्र काउंटरमागे ताठ.

आणि साहेब उठला.

“घंटी उजव्या हाताला!”

प्रेक्षकांना दिसावी म्हणून बाईंनी घंटी डावीकडे ठेवायला लावली होती. हे साहेबाला घरी सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

“घंटी उजव्या हाताला! घंटी उजव्या हाताला!” साहेब निघाला. वाटेतून सरळ, तीन पायऱ्या मोजत, थेट रंगमंचावर. कवळीताई उठायला गेली, तर नवऱ्यानं तिचा हात घट्ट धरला.

“थांब गं. बघू तर.”

नाटकीनं भावाकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर खाली ओढला आणि कारकुनाच्या आवाजात म्हणाली, “बोला. काय हरवलंय?”

“काही हरवलं नाही. घंटी चुकीच्या जागी आहे.”

“तक्रार आहे?”

“तक्रार आहे.”

“तक्रार नोंदवल्याशिवाय या खात्यात काहीही हलत नाही.” तिनं रजिस्टरमध्ये खरोखर लिहिलं, सही घेतली. साहेबानं घंटी उचलून उजवीकडे ठेवली, एकदा हलकेच वाजवली आणि लगेच मिशीवाल्याच्या सुरात पहिलं वाक्य म्हणून टाकलं, “माझी लाल छत्री कुणी आणून दिली का?”

विंगेतल्या मिशीवाल्याला हे सहन होईना. तो धावत आत आला. “ओ! छत्री माझी आहे!”

सगळं सभागृह हसलं. वरची पोरं गांगरली. नाटकीनं टेबलावर हात आपटला, तोही हलक्यानं.

“भांडू नका. रांगेत उभे राहा!”

आता गंमत ऐका. मिशीवाला साहेबामागे उभा राहिला. आणि खालून तो वाक्यं परत म्हणणारा मुलगा उठला, “रांगेत उभे राहा, रांगेत उभे राहा,” म्हणत वर आला आणि मिशीवाल्यामागे उभा राहिला. त्याच्यामागे येरझारा घालणारे दोघं. मग एक जाडसर चष्म्याची मुलगी, मग दोन जुळे. बघता बघता रांग रंगमंचावरून पायऱ्यांपर्यंत आली! बाई विंगेत डोकं धरून उभ्या होत्या. नाटकीनं त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी एक क्षण डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी खूण केली, चालू ठेव!

मग त्या पोरीनं जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. एकेकाला विचारलं, काय हरवलंय. एकानं सांगितलं, “माझी बस.” तिनं नोंद केली, “रंग कोणता?” जुळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जाड चष्म्याची मुलगी नुसती छत्रीकडे बघत राहिली. नाटकीनं छत्री तिच्या हातात दिली. मुलीनं ती उघडली, डोक्यावर धरली आणि नाटक संपेपर्यंत मिटलीच नाही. मिशीवाला बिचारा म्हणाला, “चालेल. मला काय, मी भिजतो.” हे त्याच्या वाक्यांत नव्हतं बरं का! चाकाच्या खुर्चीला पायऱ्या चढता येईनात, तेव्हा नाटकीच रजिस्टर घेऊन खाली उतरली. “खातं आपल्या दारी,” म्हणाली. ती मुलगी इतक्या जोरानं थापा मारायला लागली की रजिस्टर खाली पडलं.

पाऊण तासाचं नाटक सव्वा तास चाललं. पोरं आता घाबरत नव्हती, उलट त्यांना चेव चढला होता. शेवटी सगळे ओळीत उभे राहून वाकले. हात हलवायचे हे कुणी कुणाला सांगायचंच राहून गेलं होतं. त्यामुळे सगळीकडे शांतता. त्या शांततेत तो वाक्यं परत म्हणणारा मुलगा स्पष्ट म्हणाला, “संपलं. संपलं. परत करा.”

“रडलीस का गं?” मी कवळीताईला नंतर विचारलं.

“वेळ कुठे होता? पूर्ण नाटक बघत होते मी!”

शनिवारी साहेब माझ्या घरी होता. आई-बाप दोघंही पहिल्या रांगेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेजारी शेजारी. सभागृह खचाखच. टाळ्या किती पडल्या ते मला सोमवारी तीनदा ऐकावं लागलं, तेही हातात ओला साचा धरून. नाटकीला तीन वेळा पुढे बोलावलं. ती घरी आली तेव्हा आवाज बसलेला, पाय मात्र जमिनीवर नाहीत. बाईंनी घंटी शनिवारीही उजवीकडेच ठेवली होती. प्रेक्षकांना ती दिसली नाही, आणि कुणाचं काही बिघडलंही नाही.

आता बाईंनी नवं नाटक घेतलंय. त्यात नाटकीच्या वाट्याला एका म्हाताऱ्या शेजारणीची चार वाक्यं आलीत, त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चाललीय. रंगीत तालमीसाठी मात्र आत्ताच एकोणसाठ मुलांची नावं आलीत आणि यादी कवळीताईच्या एप्रनच्या खिशात असते. त्या तीन पायऱ्यांना लाकडी उतार करून देणारा चांगला सुतार ती शोधतेय. कुणी ओळखीचा असला तर सांगा. दाताचं काम असेल तर आम्ही आहोतच.