किड्यांची वरात

आश्विनातल्या संध्याकाळी हळ्ळीखेडला आमच्या अंगणात उभं राहिलं की एकदम तीन वास येतात. कापून ढीग लावलेल्या सोयाबीनचा कोरडा वास, परतीच्या पावसाने भिजवून गेलेल्या मातीचा गार वास आणि या दोहोंच्या तळाशी, नाक मुरडावं असा, बोटाखाली चिरडलेल्या हिरव्या किड्याचा उग्र वास. शरद ऋतू म्हटला की लोकांना निरभ्र आकाश आठवतं, दुधासारखं चांदणं आठवतं. मला ताटातल्या वरणात पडलेला किडा आठवतो. काय करणार, ज्याचं त्याचं नशीब.

गेल्या आश्विनात मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बीदरला झालं. तिचा डावा डोळा लहानपणीच गोवराने नेलेला, त्यामुळे उरलेला हा एकच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की पंधरा दिवस त्या डोळ्यात पाण्याचा थेंब, धुळीचा कण, चिलट, काहीही जाता कामा नये. चोळायचा नाही, आणि खोकल्याची उबळही येऊ द्यायची नाही. मी म्हटलं, "माय, माझ्याकडं कलबुर्गीला चल. चौथ्या मजल्यावर किडा येत नाही." तर म्हणाली, "चवथ्या माळ्यावर माझ्यासंगं बोलणार कोण, कावळे? आन् डोळ्यापायी एका दिसाला बीदरला आले तेवढं बास, वर्षावास सरल्याबिगर मी घर सोडत न्हाई." आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षूंनी एका जागी थांबायचं, उगवत्या गवतातल्या जिवांवर पाय पडू द्यायचा नाही, ही जुनी रीत; आमच्या बौद्ध घरांत त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. मायने मात्र भिक्षूंचा नियमही स्वतःला लावून घेतलेला. हट्टापुढे इलाज नसतो. मी कॉलेजातून रजा काढली आणि गावी आले.

आले ती युद्धाच्या तयारीनेच. खिडक्यांना बारीक जाळी बसवून घेतली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कोपऱ्याकोपऱ्यात औषध फवारलं. फवाऱ्याने मायला खोकला आला, तेव्हा तो डबा गुपचूप बाहेर नेऊन ठेवला. आणि संध्याकाळी डोळ्यात थेंब घालताना नीट दिसावं म्हणून खोलीत लख्ख पांढरा, मोठा बल्ब लावला. मी प्राणिशास्त्र शिकवते. कीटक प्रकाशाकडे का ओढले जातात, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मुलांना समजावते. तीच मी शरदाच्या ऐन दिवसांत, तूर फुलोऱ्यात आलेल्या शिवाराच्या तोंडाशी, अख्ख्या गल्लीत नाही असा दिवा घरात लावून बसले होते. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

दुसऱ्याच संध्याकाळी ते आले. आधी जाळीवर टपटप आवाज, मग जाळीच्या डोळ्यांतून सहज आत शिरणारे तांदळाच्या कणीएवढे तुडतुडे. पाहता पाहता भिंत हिरवी झाली. मी मायचा काळा चष्मा काढलेला, एका हातात थेंबांची बाटली, आणि एक किडा तिच्या गालावर उतरून हळूहळू पापणीच्या कडेला येऊन बसला. झटकला तर आत जाईल, नाही झटकला तरी जाईल. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. माय मात्र दगडासारखी स्थिर.

"दिवा इझव आधी. अंधार झाला की आपसूक उडतंय ते."

मी बटण दाबलं. अंधारात आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गेलं. रोशनी घरात ठिवायलीस आन् किड्याला येऊ नको म्हणायलीस व्हय? तुझे अप्पा काय करत हुते, इसरलीस?"

विसरले नव्हते, पण आठवलंही नव्हतं, हे खरं.

आमच्या लहानपणी घरात एकच कंदील होता. किड्यांचे दिवस आले की दिवेलागणीला अप्पा तो पेटवून घरभर फिरवत, कोनाड्याशी थांबत, आढ्याखाली उंच धरत, आणि मग सावकाश, घाईने वारा लागू नये इतक्या सावकाश, दाराबाहेर पडत. त्यांच्यामागून सगळे किडे भिरभिरत बाहेर. आम्ही भावंडं त्याला किड्यांची वरात म्हणत असू आणि तोंडाने सनई वाजवत उंबऱ्यापर्यंत जात असू. अंगण ओलांडून अप्पा लिंबाखाली जाऊन बसत. माय मागून दार लावून घेई आणि आत, मिट्ट अंधारात, आमची जेवणं होत. हाताला लागेल तो घास. भाजी कुठली हे वासावरून ओळखायचं.

शेजारीपाजारी कंदिलाखाली पाण्याची परात ठेवत. किडे पाण्यात पडून मरत, माणसं घरात येऊन जेवत, काम संपलं. अप्पांना परात मान्य नव्हती. वर्षावासात जीव कसा मारायचा, एवढंच ते म्हणत. मग कंदील एकटा सोडला तर वाऱ्याने विझणार आणि वरात पुन्हा घरी परतणार. म्हणून ते स्वतःच तिथे बसत आणि त्याच उजेडात त्या दिवसाचं वाचन करत. मोठ्याने, आत अंधारात जेवणाऱ्यांना ऐकू यावं असं. किडे पानावर उतरत. अप्पा वाक्य संपवत, पानावर हलकी फुंकर मारत, पुढचं वाक्य घेत. वाक्य, फुंकर, वाक्य. आम्ही त्या फुंकरांना हसत असू, घास घशात अडकेपर्यंत. वाचन झालं की ते वात उतरवत, किडे शिवारात पांगेपर्यंत अंधारात बसून राहत, आणि सगळ्यांच्या शेवटी आत येऊन गार भाकरी खात. त्यांना आधी जेवून घ्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "मला सांजच्याला भूकच न्हाई लागत."

दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला सांजच्याला भूक लागत नाही, हे आम्ही खरं मानलं. लहानपणी मानलं ते ठीक; पण मी पस्तिशीची होईपर्यंत, अप्पा जाईपर्यंत मानलं. त्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवसापासून मी जाळीची मिजास सोडली. बल्ब काढून टाकला, थेंब दिवसाउजेडीच घातले. दिवेलागणीला चार्जिंगचा कंदील लावून घरभर फिरवला, कोनाड्याशी थांबवला, आणि हळूहळू बाहेर निघाले. भिंतीवरचे, छतावरचे, मायच्या पांढऱ्या पातळावरचे, सगळे पाहुणे मुकाट्याने मागे आले. सनई तेवढी नव्हती. आत माय काळा चष्मा लावून अंधारात बसली, मी लिंबाखाली अप्पांचा ग्रंथ उघडला. पानापानावर जुने, पुसट हिरवे डाग होते.

पंधरवडा निभावला. डोळा वाचला, आता माय सुईत दोरा स्वतः ओवते आणि मला केस पिकल्याचं ऐकवते. पण सांगायचं आहे ते पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळचं.

पोटात भुकेने कावळे ओरडत होते आणि मी वाचत होते. पानावर किडा आला की हाताने झटकत होते. आतून माय म्हणाली, "झटकायलीस व्हय गं? पानाचा आवाज यायलाय."

"बरेच आहेत, माय."

"असू दे. वाच."

मी पुढे वाचू लागले, आणि लक्षात आलं की आत कुणीतरी माझ्यासोबत बोलतंय, माझ्यापेक्षा एक शब्द पुढे. मायला अक्षरओळख नाही. तिने हा ग्रंथ डोळ्यांनी कधी वाचला नाही, अंधारात आम्हाला जेवण वाढता वाढता नुसता ऐकला. मी मुद्दाम थांबले. ती थांबली नाही. एक एक शब्द, कुठेही न चुकता, तो खालचा, संथ आवाज दारामागून येत राहिला. वाक्य संपलं, आणि मग तिने फुंकर मारली. पुढचं वाक्य म्हटलं. पुन्हा फुंकर.

त्या खोलीत एकही किडा नव्हता. सगळे माझ्यापाशी होते.

ग्रंथातल्या वाक्याचा अर्थ तिला किती कळत होता, हे मी विचारलं नाही. तिचं पाठांतर नेमकं कशाचं आहे, तेही नाही. तिने ओळ शोधून दिल्यासारखी मी तिच्यामागून वाचू लागले. वाक्याच्या शेवटी एक तुडतुडा पानावर उतरला. हात उचलला होता, तो खाली घेतला. पानावर वाकून हलकेच फुंकर मारली, आणि त्याच क्षणी आतूनही एक आली.